दोघींत एक काडी

माझा नवरा ओग्वेनो बेटावरून घरी आला त्याला आठ दिवस झाले होते, आणि आठही दिवस सासूबाई माझ्या दाराकडे बघत बसल्या होत्या. तोंडाने एक शब्द नाही. आमच्यात बोलायची गरजही नसते. पेरणीची पहिली कुदळ पहिल्या बायकोची, आणि त्या कुदळीच्या आदल्या रात्री नवरा तिच्याच घरात झोपला पाहिजे. मग दुसऱ्या रात्री दुसऱ्या बायकोकडे, मग तिची कुदळ. हे चुकलं की चिरा लागते. चिरा लागली की माणूस झिजत जातो, पोरं वाळतात, घर बसतं. चिरा लागलेली माणसं मी या डोळ्यांनी बघितलीत, आणि दवाखान्यातले लोक त्याच माणसांच्या दुखण्याला एड्स म्हणतात तेही ऐकलंय. खरं कोण ते मला विचारू नका, मी दोन्हीला भिते.

मिकायी मी, म्हणजे घरातली पहिली बायको. मान मोठा हो, कोण नाही म्हणतंय! पण मी दार उघडल्याशिवाय कुणाचं बियाणं मातीत पडत नाही, म्हणजे सगळं खापर फोडायलाही डोकं माझंच. मागच्या दोन पेरण्यांना ओग्वेनो आलाच नाही. बेटावर मासा लागलाय, म्हणे. शेजाऱ्यांचा मका डोक्यावर गेला आणि आमच्या शेतात गुडघाभर गवत. दोन वर्षं पीठ विकत आणून खाल्लं. मधे त्याने अपोंडीला, माझ्या सवतीला, बेटावर नेलं आणि पाच महिन्यांची पोटुशी करून परत पाठवलं. ती माहेरी सुइणीच्या हातून बाळंत झाली. पोरगा आता सात महिन्यांचा आहे, गुटगुटीत. मला बघून हसतो, मेला, दात नाहीत तोंडात तरी.

यंदा तो आला, पण कसा आला म्हणून सांगू? पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली. गालफडं आत. खोकला आला की अंगणात पाठ फिरवून खोकतो, कुणाला दिसू नये म्हणून. आणि त्याच्या होडीवर स्वयंपाक करायची ती बाई नाताळात गेली, ही बातमी मासळीच्या बोटींबरोबर आमच्याकडे त्याच्या आधीच पोचली होती. शेवटी तिच्या हाताला वाटीसुद्धा पेलत नव्हती, असं बोटीवाले सांगत होते. चिरा, असंही म्हणत होते, आणि म्हणताना एकमेकांकडे बघत होते.

सरोवराच्या काठी आम्ही दोघी ओमेना वाळवतो. बोटाएवढा चांदीसारखा मासा, जाळ्यांवर पसरायचा, उन्हात खाली-वर करायचा. पाठीवर पोर बांधून अपोंडी माझ्या शेजारी वाकली होती. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मिकायी, तो कधी येणार तुझ्याकडे?"

"का? तुझ्याकडे गर्दी झालीय का? आठातल्या सहा रात्री तिकडेच तर लोळतोय."

"चेष्टा नको गं. सासूबाई काल म्हणाल्या, ढग आले की लगेच." ती परत वाकली, मासे उगाचच चाळत राहिली. "तू बघितलंस ना कसा दिसतोय तो? मला रात्री झोप लागत नाही. पोराला पाजते आणि वाटतं, मी याला काय पाजतेय?"

माझा हात थांबला. पोरगी माझ्या निम्म्या वयाची, एरवी मला टोमणे मारल्याशिवाय तिचा दिवस जात नाही, आणि आज डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "मग जा की दवाखान्यात. फुकट तपासतात."

"तू जातेस का?"

बंदरावरच्या दवाखान्यात तपासणी फुकट, अगदी खरं. पण टेबलामागे बसते लिनेट, माझ्या नणंदेची मुलगी. सकाळी तिच्यापुढे बोट टोचून घ्यायचं आणि दुपारी नणंदेच्या चुलीपाशी त्याच्यावर गप्पा. ज्यांच्यात काही निघतं त्यांना ती मागच्या निळ्या दाराच्या खोलीत पाठवते, आणि निळं दार इथून जाळ्यांवरून सरळ दिसतं. शंभर बायका असतात इथे, शंभर जोड्या डोळे. ते फुकट आम्हाला परवडत नव्हतं. पूर्वी कुठल्याशा संस्थेचे तंबूवाले यायचे, घरी नेऊन स्वतःच बघायचे डबे वाटायचे. हिरड्यांवरून काडी फिरवायची, काडी औषधाच्या नळीत बुडवायची, एक रेघ आली तर स्वच्छ, दोन आल्या तर नाही. तेव्हा आम्ही हसून नको म्हटलं. गेल्या वर्षी तंबू उठला. पैसे आटले म्हणाले.

आता तो डबा फक्त क्रिस्पिन केमिस्टकडे, सातशे शिलिंगला. सातशे म्हणजे दोन्ही घरांचं आठवड्याचं पीठ.

"दोन डबे म्हणजे चौदाशे," अपोंडी म्हणाली. "जमणारच नाही."

"दोन कशाला?" मी म्हटलं. "गोणी घेताना काय करतो आपण?"

होडीवरून ओमेना घ्यायची तर आम्ही दोघींत एक गोणी घेतो. सगळी उपसून कोण बघतंय? मधोमध हात घालायचा, एक मूठ काढायची, तोंडात टाकायची. दाताखाली वाळू आली नाही तर सगळी गोणी चांगली. वीस वर्षं हेच करतेय मी, कधी फसले नाही. "काडी एकच," मी म्हटलं, "वरची हिरडी माझी, खालची तुझी. एक रेघ आली की दोघी सुटलो. मग तो माझ्याकडे आला काय आणि तुझ्याकडे आला काय, निदान आजवर तरी काही झालेलं नाही एवढं कळेल. आणि मग त्याला धरून बसवू, तूही बघ म्हणून."

अपोंडी पहिल्यांदा हसली. "डोकं आहे हं तुला, म्हातारे."

"म्हातारी तुझी आई," मी म्हटलं.

साडेतीनशे तिने काढले, साडेतीनशे मी. दुकानात मीच गेले. क्रिस्पिन चष्मा नाकावर आणून बघायला लागला.

"कुणासाठी?"

"शेळीसाठी. तुला काय करायचंय? सातशेची काडी, सोन्याची आहे का?"

"मी बनवत नाही, मिकायी. नैरोबीहून येते, तिथेच महाग मिळते."

"तंबूवाले फुकट द्यायचे."

"मग जा तंबूवाल्यांकडे," तो म्हणाला, आणि लगेच ओशाळला. तसा वाईट नाही तो. डबा हातात देताना शिकवत बसला. आधी अर्धा तास काही खायचं नाही. नळीत वीस मिनिटं. एक डबा, एक माणूस. अगदी अलीकडे, दहा-पंधरा दिवसांत काही झालं असेल तर काडीला ते दिसतच नाही, तीन महिन्यांनी परत बघायचं. पण तसं ताजं काही असेल तर थांबायचं नाही, तीन दिवसांच्या आत मोठं हॉस्पिटल गाठायचं, तिथे त्यावर वेगळं औषध देतात. आणि दोन रेघा आल्या तर घाबरायचं नाही, तिकडे जाऊन पक्कं करायचं, गोळ्या फुकट आहेत, वेळेत गेलेलं माणूस आजकाल मरत नाही. मी मान हलवत होते. एक डबा, एक माणूस, एवढं सोडून सगळं पटलं मला.

दुपारी अपोंडीच्या घरात दार लावून बसलो. पोरगा चटईवर झोपलेला. मी काडी वरच्या हिरडीवरून फिरवली, तिने खालच्या. तोंड वाकडं करून म्हणाली, "तुझी तंबाखू लागली मला." काडी नळीत उभी केली आणि तिच्या फोनकडे बघत बसलो. त्या वीस मिनिटांत ती किती बोलली! पोराचं नाव, यंदा शेतात काय लावू, भुईमूग की मका, तुझी कुदळ झाली की माझी, लवकर आटप हं. मी हो हो करत होते. मला आतून एक गोष्ट टोचत होती, ती सांगून टाकते. शेत पहिल्यांदा पडून राहिलं त्या वर्षी हातात दमडी नव्हती, आणि आमच्या बंदरावर ज्या बाईजवळ पैसा नाही तिला मासा कसा मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. होडीचा मालक रोख घेत नाही मग. एक मोसमभर मी तशी गोणी आणली. तिच्यातलं खाल्लं सगळ्यांनी, सासूबाईंनीसुद्धा, आणि कुणी विचारलं नाही. पण तो मालक धडधाकट आहे, बैलासारखा, अजून होडीवर उभा असतो. म्हणून मी तो विचार झटकून टाकला. झिजलेला होता तो ओग्वेनो, आणि त्याच्याबरोबर बेटावर राहिली होती ती अपोंडी.

दुसरी रेघ आधी फिकट आली. मला वाटलं सावली आहे. मग ती भरत गेली.

अपोंडीने नळी उचलली, खिडकीपाशी नेली, परत आणली. "दोन आहेत," म्हणाली. "मिकायी, दोन आहेत ना या?"

"दोन आहेत."

"कुणाच्या?"

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं हो! गोणीत वाळू निघाली की गोणी होडीवाल्याच्या अंगावर टाकून परत येतो आम्ही. ही गोणी कुणाला परत करणार? मग तिनेच तोंड उघडलं.

"मी नाही."

"मग मी का? माझ्या घरात तो दोन वर्षांत आलेला नाही. बेटावर कोण राहिलं त्याच्याबरोबर?"

"तो, तो एवढंच काय म्हणतेस? जगात तो एकटाच आहे का?" तिचा आवाज चढला. "शेत पडलं त्या वर्षी तुझी गोणी कुठून यायची ते मला माहीत नाही असं वाटतं तुला?"

"तोंड सांभाळ, अपोंडी."

"तूच सांभाळ! माझं पोर आहे इथे!"

पोरगा दचकून उठला. तिने त्याला उचललं, सवयीने छातीशी नेलं आणि तशीच थबकली. पाजावं की नाही कळेना तिला. पोर तोंड मारतंय, रडतंय, आणि ही त्याला लांब धरून उभी. माझ्याच्याने बघवेना. मी उठले आणि बाहेर पडले.

माझ्या वाटणीची अर्धी गोणी अजून पुरती वाळलीही नव्हती. मी ती तशीच ओली उचलली आणि बंदरावरच्या दलालणीला जी देईल त्या किमतीला देऊन टाकली. निम्म्याहून कमी दिले तिने, वर म्हणते कशी, घाई कसली एवढी? कोंबडी विकली तेव्हा सातशे भरले. क्रिस्पिनने या वेळी डबा ठेवला आणि पाठ फिरवून बाटल्या लावत बसला.

परत येताना सगळा रस्ता मी विचार करत होते, ही काडी कुणी घ्यायची? पैसे माझे, म्हणजे मी. माझी एक रेघ आली तर तिचं ठरलंच. तिची एक आली तर माझं ठरलं. कुणीही घेतली तरी चालणार होतं. मी ती तिला दिली. "तू पाजतेस, तू घे," म्हटलं. ती माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मला लाज वाटली, कारण मी ती काडी निव्वळ दयेने दिली नव्हती. तिच्यातच निघणार याची मला खात्री होती. ते तिच्या तोंडून निघावं, मी तिला समजवावं, हॉस्पिटलला न्यावं, पोराचं बघावं, मोठी बहीण व्हावं, असं सगळं मी रस्त्याने मनात रंगवलं होतं.

या वेळी पोरगा माझ्या मांडीवर होता. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. एकच रेघ.

अपोंडी हसली. खरंच, मोठ्याने हसली, हात छातीवर ठेवून. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हसणं विझलं. ती पुढे आली आणि पोराला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. नुसतं धरल्याने काही होत नाही हे तिलाही माहीत होतं. तरी उचललं.

मी बसूनच राहिले.

"मिकायी," ती दाराकडे तोंड करून म्हणाली, "आज तो तुझ्याकडे यायचाय. ढग आलेत."

"माहितेय."

"आणि उद्या माझ्याकडे."

"माहितेय गं."

"नाही म्हण त्याला."

"मी नाही म्हटलं तर पेरणार काय तू? तिसरं वर्ष होईल. पोराला घालणार काय?"

तिचं तेव्हाचं तोंड मी कधी विसरणार नाही. तिला शेतही हवं होतं आणि पोरही, आणि दोन्हीच्या आड मी बसले होते. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "नाही म्हण. आणि आता जा." मी उंबरा ओलांडला तशी आतून कडी घातली.

दिवस मावळता मावळता सासूबाईंनी स्वतःच्या हाताने ओग्वेनोचं बसायचं स्टूल आणून माझ्या दाराशी ठेवलं. सरोवरावर काळं भरून आलं होतं, कोंबड्या लवकर आत गेल्या होत्या. "ओबोन्योच्या आई," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या ओबोन्योच्या जन्मानंतर त्यांनी तसा हात फिरवला नव्हता.

ओग्वेनो आला तो अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. मक्याच्या पिठाची उगाली आणि मासा वाढला, त्याने दोन घास खाल्ले. मी ठरवलं होतं. लाज गेली खड्ड्यात, होडीच्या मालकाचंसुद्धा सांगायचं, मारलं तर मारू दे. मी दार आतून लोटलं आणि दोन रेघांची नळी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ओबोन्योचे बाबा, आज पुढे यायचं नाही. आधी हे बघा."

त्याने बघितलं. हे काय आहे, असं त्याने विचारलंच नाही. नळी बोटांत धरून दिव्याकडे नेली, सवयीचं असल्यासारखी, आणि म्हणाला, "कुणाची?"

"माझी."

बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "माझ्याही दोनच आल्या होत्या."

"कधी?"

"जानेवारीत. ती बाई गेल्यावर. बेटावर एकजण विकतो."

"जानेवारीत! मग गोळ्या?"

"एक डबी आणली होती. संपली. होडी सोडून दर महिन्याला कोण जाणार?"

मी शरमेने अर्धमेली होऊन बसले होते या माणसापुढे! त्याची क्षमा मागणार होते मी! अंगाचा तिळपापड झाला. "मेल्या, तुला माहीत होतं? माहीत असून तू घरी आलास? अपोंडीकडे सहा रात्री झोपलास तू, काल रात्रीसुद्धा! ती बिचारी आज एक रेघ बघून नाचली रे!"

त्याने मान खाली घातली. "तिने विचारलं नाही," म्हणाला.

त्याला मारायला माझा हात उठला होता, पण त्याला मारण्यात वेळ घालवायची ती वेळ नव्हती. क्रिस्पिनचं सगळं बोलणं एकदम कानात वाजायला लागलं. दहा-पंधरा दिवसांतलं काडीला दिसत नाही. तीन दिवसांच्या आत हॉस्पिटल. पहाटेची बोट धरली तर कालच्या रात्रीपुरतं तरी वेळेत पोचत होतं, आधीच्या रात्रींचं देव जाणे. मी दार उघडून बाहेर आले. सासूबाई अंगणात बसल्याच होत्या.

"कुठे निघालीस? आजच्या रात्री घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं, सूनबाई! आत हो!"

मी धावले. अपोंडीचं दार बडवलं.

"अपोंडी, दार उघड."

"नाही."

"तुझ्यासाठी आलेय गं. ऐक माझं."

"उद्या बोल, मिकायी. मी तुला दारात घेणार नाही. बाळ पितंय आत्ता."

"अगं, उघड! ती रेघ खोटी आहे!"

"माझी खोटी आणि तुझी तेवढी खरी का?" आतून ती म्हणाली. "जळतेस तू. जा."

सासूबाई काठी टेकत अंगण ओलांडून येत होत्या. पलीकडे दिरांच्या घरातला दिवा दारात आला, मागोमाग जावा आल्या. मी दाराच्या फटीला तोंड लावलं. हळू सांगितलं असतं तर तिने ऐकून घेतलं नसतं. म्हणून मी ओरडले. माझं ओरडले, त्याचं ओरडले, जानेवारी, बेट, सहा रात्री, काल रात्र, सगळं त्या भरल्या अंगणात ओरडून सांगितलं. सासूबाईंची काठी जागच्या जागी थांबली.

आत तोंडातलं दूध सुटल्यासारखं बाळ एकदम रडायला लागलं.